सहाशे चौदा हरकती

धायरी फाट्यावरून आत वळलं की डाव्या हाताला पंक्चरचं दुकान, त्याच्या पलीकडे चहाची टपरी, आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून उभं असलेलं 'हिरा ग्राफिक्स'. दुकान दहा बाय आठचं, त्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मालकीणबाई. पण या भागात मोठा कोण आणि लहान कोण, हे गेली वीस वर्षं याच दुकानात ठरतं. ते कसं, ते सांगतो.

फ्लेक्स म्हणजे काय हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. बाहेरून आलेल्याने चौकात उभं राहून आकाश शोधलं की त्यालाही कळतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या निवडीबद्दल कुणाला झालेला आनंद. या फ्लेक्सचं एक शास्त्र आहे, आणि ते हिरा ओव्हाळला तोंडपाठ होतं. सगळ्यात वर महापुरुष, गोल चौकटीत. त्याखाली दिल्लीवाले, मग मुंबईवाले. उजवीकडे, पायापासून डोक्यापर्यंत, हात जोडलेले भाऊ. आणि तळाला शुभेच्छुकांची रांग, एकेक चेहरा बोराएवढा. कुणाचं डोकं कुणाच्या खांद्याच्या वर जाता कामा नये, कुणाच्या शेजारी कोण बसवायचा नाही, हे सगळं ठरलेलं. एकदा हिराने एका कार्यकर्त्याचा फोटो चुकून भाऊंच्या मेव्हण्यापेक्षा अर्धा इंच मोठा लावला होता. तेवढ्यावरून एका मंडळाची दोन मंडळं झाली. दोघांच्या आरत्या आजही वेगळ्या होतात.

हिराचा बाप ज्ञानदेव भिंती रंगवायचा. घराण्याचं धर्मांतर छप्पन्न सालचं, बापाचं नाव त्याच्या पाच वर्षं आधीचं, म्हणून ते तसंच राहिलं. 'प्रचंड मतांनी विजयी करा' हे वाक्य त्याने जितक्या वेळा लिहिलं असेल तितक्या वेळा कुणी उच्चारलंही नसेल. हिरा लहानपणी त्याची डबडी धरून उभी राहायची आणि अक्षराला गोलाई कशी द्यायची ते बघायची. बारावीनंतर तिने अप्पा बळवंत चौकातल्या एका छापखान्यात मराठी टायपिंग शिकून नोकरी धरली. रतन ओव्हाळशी लग्न झालं. रतन बसवर कंडक्टर, स्वभावाने गरीब, आणि घरी आल्यावर टीव्ही मोठ्याने लावण्याखेरीज त्याला कसलंही व्यसन नाही. निकिता झाली. मग हिराने स्वतःचं दुकान टाकलं. घर दीड खोलीचं होतं, तेवढंच राहिलं.

आता अभ्यासिकेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. फाट्याच्या मागच्या वस्तीत एक दोनमजली सार्वजनिक इमारत आहे. खाली लग्न-बारसं-पोलिओचा डोस, आणि वर एक लांबलचक खोली. खोलीत लोखंडी टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, सहा पंखे, त्यातले चार फिरणारे. सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे मुलं अभ्यास करत बसतात. कुणी स्पर्धा परीक्षेचा, कुणी नर्सिंगचा, कुणी दहावीचा. चौऱ्याऐंशी मुलामुलींची नावं तिथल्या वहीत होती. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी किमान पाच माणसं आणि जास्तीत जास्त दोन खोल्या. हिरा याच खोलीत बसून अडतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाली होती, समाजशास्त्र घेऊन. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं टेबल तिला मिळालं ते तिथे. आता त्याच टेबलावर निकिता राज्यसेवेचा अभ्यास करायची आणि यंदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली होती. या खोलीबद्दल हिराला काय वाटायचं, हे आडवळणाने कशाला सांगा. जीव होता तिचा त्या खोलीत.

समाजशास्त्राची गोडी तिला लावली ती वासंतीबाई दांडेकरांनी. बाई कोथरूडला राहायच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वय पंच्याहत्तर, जीभ पंचविशीतली. विद्यार्थ्यांसाठी त्या एक पाठ्यपुस्तक लिहीत होत्या: सत्ता, राज्य, संस्कृती आणि जनमाध्यमं. लिहीत होत्या म्हणजे नऊ वर्षं लिहीत होत्या. हाताने लिहिलेली पानं हिरा न्यायची, टाइप करून आणायची, बाई त्यावर लाल पेन चालवायच्या. अशा रीतीने हिराने ते पुस्तक अकरा वेळा वाचलं होतं. बाईंच्या पदवीधर विद्यार्थ्यांपैकी एकानेही ते एकदासुद्धा वाचलेलं नव्हतं.

त्या पुस्तकात सत्तेचे तीन पदर सांगितले होते. भांडणात कोण जिंकतं, हा पहिला पदर, सगळ्यांना दिसणारा. भांडण कशावर करायचं आणि कशावर करायचंच नाही, हे कोण ठरवतं, हा दुसरा. आणि भांडावं असं कुणाला वाटूच नये, जे चाललंय ते असंच असतं असं सगळ्यांना वाटावं, हा तिसरा आणि सगळ्यात चिवट. हिराने हे टाइप करता करता समोर बघितलं होतं. समोर एका भाऊंना लावलेला वाढदिवसाचा मुकुट पडद्यावर चमकत होता. तिने मनाशी म्हटलं, तिसरा पदर शिवायचं दुकान तर आपलंच आहे.

दोन हजार चोवीस सालच्या जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी टपरीवर चहा घेताना हिराने पेपर उघडला. माणसं पेपरात मथळे वाचतात. हिराचा डोळा जायचा बारीक अक्षरांकडे, कारण वीस वर्षं चुका शोधायची सवय. आठव्या पानाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक जाहीर नोटीस होती. मोजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, सदर मिळकतीचे प्रयोजनात बदल करून तेथे वाहनतळ व व्यापारी संकुल प्रस्तावित असून, ज्या कोणास याबाबत हरकत असेल त्यांनी तीस दिवसांचे आत लेखी कळवावे. 'मौजे'चं 'मोजे' झालंय हे आधी तिच्या लक्षात आलं. मग सर्व्हे नंबर ओळखीचा वाटला. अभ्यासिकेच्या उद्घाटनाची पत्रिका तिनेच छापली होती, तिच्यावर तोच नंबर होता.

चहा तिथेच राहिला. नोटिशीची तारीख बघितली तर अठरा दिवस उलटून गेलेले. हा पेपर टपरीवाल्याच्या रद्दीतला जुना होता. हातात उरले बारा दिवस.

ही नोटीस कोणत्या कार्यालयाची, ते मी सांगत नाही. नाव घेतलं तर ते एक दुखावेल, आणि बाकीची दहा कार्यालयं म्हणतील, आम्ही काय कमी बारीक अक्षरात छापतो?

त्या संध्याकाळी हिरा कोथरूडला गेली. दार उघडून बाई म्हणाल्या, "या. वेळेच्या आधी आलात, म्हणजे काहीतरी बिनसलंय."

हिराने कात्रण पुढे केलं. बाईंनी भिंग लावून वाचलं.

"छान आहे. कायद्याने जेवढं सांगावं लागतं तेवढं सांगितलंय, आणि कळणार नाही याची काळजी घेतलीये. माझ्या दुसऱ्या प्रकरणात घालते."

"बाई, प्रकरणात नंतर घाला. मुलं कुठे बसतील?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हरकती किती येतात अशा नोटिशींना?"

"दोन. तीन. एखाद्या वेळी एकही नाही."

"तिसरा पदर. लोकांना काही वाटतच नाही."

"तिथेच तुमचं चुकतंय, बाई," हिरा म्हणाली. अकरा वेळा टाइप करूनही हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज ते तोंडातून निघून गेलं. "वाटतं. खूप वाटतं. पण हे आपल्याला उद्देशून लिहिलंय असं वाटत नाही. 'ज्या कोणास' म्हणजे दुसरंच कुणीतरी, बंगलेवाले, वकील. आपल्याला आजवर कुणी पत्रच टाकलेलं नाही, तर हे आपलं पत्र आहे हे कळणार कसं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे लिहून द्या मला. समासात नको. पूर्ण पान."

दुसऱ्या दिवशी हिराने कामाला सुरुवात केली आणि पहिल्याच झटक्यात माती खाल्ली. तिने नोटीस साध्या मराठीत लिहिली: 'आपली अभ्यासिका काढून तिथे पार्किंग आणि दुकानं करायचं ठरतंय. तुम्हाला हे नको असेल तर अमुक तारखेपर्यंत लिहून द्या. लिहून कसं द्यायचं ते वर विचारा.' ठसठशीत अक्षर, पिवळ्यावर काळं, बारा फूट बाय आठ फूट. हा फ्लेक्स स्वतःच्या खर्चाने छापून, रीतसर परवानगी काढून इमारतीच्या कंपाउंडवर लावला. आणि वाट बघत बसली.

तीन दिवसांत हरकती आल्या चार. त्यातली एक तिची, एक निकिताची, एक रतनची आणि एक वासंतीबाईंची. लोक फ्लेक्सखालून जात होते, येत होते, त्याच्या सावलीत गाड्या लावत होते. वाचत कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी हिरा हताश होऊन अभ्यासिकेच्या पायरीवर बसली होती. मुक्ताई वरून झाडत झाडत खाली आली. मुक्ताई धायरी गावातली, सत्तरीची, चौदा वर्षं ही खोली झाडणारी आणि सकाळी कुलूप उघडणारी. तिने कमरेवर हात ठेवून फ्लेक्स निरखला.

"ह्यो तू क्येला का गं हिरे?"

"हो."

"ह्यात कुणीच न्हाई की."

"म्हणजे?"

"माणूस गं! मानसं कुटं हायती? फ्लेक्सात कोण आलंय त्ये बघायचं असतंय. मोकळ्या फ्लेक्सात काय बघायचं? लोकास्नी वाटलं आसंल, डागदरचा बोर्ड हाय."

हिराने कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं चेहरे लावले, चेहऱ्यांवरून लोकांची भांडणं लागलेली बघितली, आणि जेव्हा स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा हीच बाई चेहरा विसरली! फ्लेक्स कुणी वाचत नाही, फ्लेक्सवर माणूस शोधतात, हे तिच्याइतकं पुण्यात कुणाला ठाऊक होतं? पण सरकारला उत्तर द्यायचं म्हणून ती बसली, आणि नकळत सरकारसारखीच लिहून गेली. नुसतं अक्षर मोठं केलं, एवढंच.

त्याच दुपारी तिने अभ्यासिकेतल्या चौऱ्याऐंशी जणांचे फोटो काढले. बातमी फुटायला तासही लागला नाही. संध्याकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली आणि शंभूभाऊ उतरले.

शंभूभाऊ म्हणजे भावी नगरसेवक. गेली अकरा वर्षं भावीच. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या मयताला, कुणाच्या ॲडमिशनला धावून जायचा. फक्त जिथे जाईल तिथे त्याला मधली जागा लागायची. हिराच्या दुकानातली निम्मी कामं त्याचीच असायची.

"ताई, कळलं मला. मनाला फार लागलं," भाऊ म्हणाले. "फ्लेक्स मी छापतो. उजवीकडे माझा फोटो टाका, फुल साइज. दोनशे पोरं आणतो, त्या कार्यालयातल्या साहेबांशी मी बोलतो. चार दिवसांत विषय एंड."

हिराला मोह झाला नाही असं नाही. दिवस उरले होते आठ. दोनशे हरकती म्हणजे थट्टा नव्हती. पण तिला पुढचं दिसत होतं. शंभूभाऊंचा चेहरा लागला की समोरच्या गटातलं एक माणूस सही करणार नाही. अर्धी वस्ती म्हणणार, ही भाऊंची अभ्यासिका, भाऊ बघतील. आणि मग एके दिवशी साहेब आणि भाऊ बंद दाराआड बसतील, आणि काय ठरलं ते मुलांना कळेल तेव्हा टेबलं टेम्पोत चढत असतील.

"भाऊ, तुमचा फोटो घेते," ती म्हणाली. "पण खालच्या रांगेत. अकारविल्हे, सगळ्यांच्या साइजचा."

"अकार काय?"

"नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. तुम्ही निशाच्या खालच्या ओळीत याल."

"निशा कोण?"

"भाजीवाल्या आजींची नात. नर्सिंगचं करते."

शंभूभाऊ दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले. "ताई, गणपतीची कामं यंदा दुसरीकडे देतो," एवढंच बोलले आणि गाडीत बसले. गणपतीची कामं म्हणजे तिचं अर्धं वर्ष. रात्री तिने रतनला सांगितलं. रतनने चक्क टीव्ही बंद केला, म्हणाला, "देऊ दे. मी डबल ड्यूटी घेतो." लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, हा माणूस आपल्याला बरा मिळाला, असं तिला त्या क्षणी पुन्हा एकदा वाटलं.

दुसरा फ्लेक्स लागला शनिवारी सकाळी. अख्ख्या फाट्याने तसला फ्लेक्स बघितला नव्हता. सगळं शास्त्राप्रमाणे होतं. वर गोल चौकटी होत्या, पण त्यांत चार फिरणारे पंखे आणि दोन न फिरणारे. तळाला शुभेच्छुकांच्या जागी चौऱ्याऐंशी मुलंमुली, बोराएवढी नव्हेत, चांगली लिंबाएवढी. आणि उजवीकडे, जिथे आजवर फक्त भाऊ उभे राहिले, तिथे पायापासून डोक्यापर्यंत, काखेत खराटा आणि हात जोडलेली, मुक्ताई. मध्ये दोनच ओळी: 'आमची अभ्यासिका जाणार आहे. शेवटची तारीख शुक्रवार.'

"ही कोण नवीन उभी राहतीये?" पहिला रिक्षावाला थांबला. "कुठल्या पक्षाची?"

मग जे लोण पसरलं ते पसरलंच. आया आल्या, आपलं पोर कुठे आहे ते शोधायला. मावश्या आल्या, आपलं पोर शेजारणीच्या पोराच्या वर आहे का खाली ते बघायला. ते अकारविल्हे आहे हे कळल्यावर काहीजणींनी पोराचं नाव ठेवणाऱ्या आत्याला दोष दिला. ज्या मुलांनी जन्मापासून दुसऱ्यांच्या वाढदिवसाखालून ये-जा केली होती, ती स्वतःचा चेहरा वर बघून लाजत होती, आणि फोटो काढून गावाला पाठवत होती. मोबाइलवर, स्टेटसवर, शाळेच्या ग्रुपवर, कारखान्याच्या ग्रुपवर तोच फ्लेक्स. आणि चेहरा शोधताना मधल्या दोन ओळी डोळ्यांत शिरल्याशिवाय राहत नव्हत्या.

फ्लेक्सखाली टेबल मांडलं होतं. वासंतीबाई रोज रिक्षाने कोथरूडहून यायच्या आणि लाल पेन घेऊन बसायच्या.

"यात भावना फार आहे आणि सर्व्हे नंबर नाही," त्या एका तगड्या ट्रकचालकाला म्हणाल्या. "भावनेला पोच मिळत नाही. नंबर घाला."

"बाई, मी सातवी नापास आहे."

"मग नंबर नक्की येईल. पदवीधरांनाच विसरायची सवय आहे."

सोमवारपासून लोक रांगेने कार्यालयात जाऊ लागले. दोन प्रती, एक द्यायची, एकीवर शिक्का घ्यायचा. खिडकीवर साईनाथ नावाचे लिपिक होते. पहिल्या दिवशी त्यांनी शिक्के मारले, दुसऱ्या दिवशी मनगट चोळत मारले, तिसऱ्या दिवशी शिक्क्याची शाई संपली तेव्हा रांगेतल्या एका बाईने समोरच्या दुकानातून नवी बाटली आणून दिली. "नाही म्हणजे अडायला नको," ती म्हणाली. साईनाथ हसले. बारा वर्षांच्या नोकरीत त्या खिडकीवर ते पहिल्यांदाच हसत होते.

शुक्रवारी दुपारी रांगेत शंभूभाऊ दिसले. गाडी लांब लावून, एकटेच. त्यांच्या मागे-पुढे दोन्ही गटांची माणसं होती. हिराशी नजरानजर झाली तसे म्हणाले, "आईने जेवायला वाढलं नाही. म्हणाली, सगळी वस्ती लिहून आली, तू कुठे होतास?" त्यांचा नंबर आला सहाशे अकरा. खिडकी बंद होता होता मुक्ताई पोचली, खोली झाडून मगच निघाली होती म्हणून. तिचा नंबर सहाशे चौदा, शेवटचा.

सुनावणी लागली जुलैत. साहेबांनी दालनात शिरून गर्दी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एवढे सगळे कशाला? तुमचा प्रतिनिधी कोण? पुढारी कोण आहे? त्यांना बोलू द्या, बाकीच्यांनी घरी जावं."

कुणी उठलं नाही. शंभूभाऊंची मान सवयीने वर झाली, पण ते बसून राहिले. हे त्यांना किती जड गेलं असेल ते ज्याचं त्यानेच ओळखावं.

हिरा उभी राहिली. "साहेब, नोटिशीत 'ज्या कोणास' लिहिलंय. ते आम्ही. पुढारी नाही कुणी. प्रत्येकाने स्वतःची हरकत स्वतः लिहिलीये, आपल्याच नियमाप्रमाणे ती ज्याची त्याच्याकडून ऐकावी लागेल."

साहेबांनी साईनाथांकडे पाहिलं. साईनाथांनी नियमाचं पुस्तक आधीच उघडून ठेवलेलं होतं. "हो सर. असंच आहे."

मग सुरू झालं. हरकत क्रमांक एक, हिरा ओव्हाळ. "मी अडतिसाव्या वर्षी त्या खोलीत शिकले. तोवर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करायची. तिथे बसून मी पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं, परीक्षेचं उत्तर. साहेब, पार्किंग कुठेही होईल. आमच्या घरात टेबल कुठे होईल ते दाखवा." ती खाली बसली. क्रमांक दोन निकिता, तिने गेल्या दहा वर्षांत त्या खोलीतून कोण कोण नोकरीला लागलं त्याची यादी वाचली, यादीत याच कार्यालयातला एक शिपाई निघाला, आणि तो दारातून म्हणाला, "हो, मीच तो." ट्रकचालकाने सर्व्हे नंबर न बघता म्हणून दाखवला. निशाने सांगितलं की घरी आजारी आजोबांच्या उशाशी बसून पाठांतर केलं तर ते दचकून उठतात. दिवसाला शंभर, कधी सव्वाशे. साहेब आधी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवसापासून माणसांकडे बघू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एका मुलाला विचारलं, "पंखे दोन बंद का आहेत?"

चौथ्या दिवशी दुपारी, हरकत क्रमांक चारशे बारानंतर, साहेब बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. परत येऊन उभ्यानेच म्हणाले, "प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे. अभ्यासिका आहे तिथेच राहील. तसा लेखी आदेश संध्याकाळपर्यंत निघेल. उर्वरित हरकती ऐकण्याची आवश्यकता नाही. आपण येऊ शकता."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो आवाज उठला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला. निकिताने आईला मिठी मारली. रतन गणवेशातच होता, तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. हिरा रडली, हसली, पुन्हा रडली. तिच्या बापाने आयुष्यभर 'विजयी करा' लिहिलं. कुणाला, ते दर निवडणुकीला बदलत गेलं. आज ती स्वतः विजयी झाली होती, आणि एकटी नव्हे, सहाशे चौदा जणांसकट. वासंतीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "पुस्तकाचं शेवटचं प्रकरण फाडून टाकलंय मी काल. आता ते तुम्ही लिहायचं. आणि वेळेत द्या, नऊ वर्षं लावू नका."

साहेब फायली आवरू लागले तरी मागच्या रांगा हलेनात.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "मागे घेतला म्हटलं ना."

"ते बरंच झालं," चारशे तेरा नंबरचा फिटर म्हणाला. "पण आमचं काय? मी सुट्टी टाकून आलोय. पाठ केलंय मी."

"माझं पण राहिलंय," मागून एक बाई म्हणाली. "ऐकायचं म्हणून बोलावलं, आता न ऐकता पाठवता?"

"पण तुम्ही जिंकलात!" साहेब म्हणाले.

"जिंकलो ना. मग आता ऐका."

दालन हसलं. साहेबही हसले, आणि खुर्चीवर बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून, लेखी आदेश निघून गेल्यानंतरही, ते उरलेल्या दोनशे दोन जणांचं ऐकत होते. सहाशे अकरा क्रमांकाला शंभूभाऊ दीड मिनिट बोलले, आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि त्यांना पहिल्यांदाच खऱ्या टाळ्या मिळाल्या.

शेवटी साईनाथांनी पुकारलं, "हरकत क्रमांक सहाशे चौदा." मुक्ताई पदर खोचून पुढे आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सायेब, चौदा वर्सं म्या ती खोली झाडती. कोण उपाशी येतंय, कोण कोपऱ्यात रडतंय, कुनाचं पोरगं हुशार आन् कोण नुसतं पान उलटतंय, समदं मला ठावं हाय. तुमाला ठावं न्हाई, कारन तुमी कदी आलाच न्हाई. कागदावर बघून कसं कळंल? म्हून माजी हरकत हाय. उद्या सकाळी सातला या. दार म्या उघडते."

साहेब म्हणाले, "येतो, आजी. साईनाथ, नोंद घ्या."

"काय लिहू सर?"

"त्या म्हणाल्या तसंच लिहा."

साईनाथ लिहू लागले. मुक्ताई टेबलाजवळ सरकली, कागदावर बोट ठेवलं. "लिवलं का? वाचून दाव."

साईनाथांनी सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं वाचलं, अगदी 'दार म्या उघडते' पर्यंत. मुक्ताई लक्ष देऊन ऐकत होती, आणि तिची मान नकारार्थी हलली.

"चुकलं. सातला येऊन काय बघनार त्यो? पोरं पावनेसातला येत्यात. पावनेसात लिव."

साईनाथांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून स्वतःचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. सरकारी कागदावरचं 'सात' खोडलं गेलं, वर 'पावणेसात' लिहिलं गेलं, आणि समासात साहेबांनी छोटी सही केली.